या यमनाचा नंबर काय?

गाण्याच्या कुठल्याही ॲपवर ‘भीमसेन जोशी यमन’ असं टाकून बघा. एक सोडून अनेक यमन पुढ्यात येतात. एकाला ‘लाइव्ह’ जोडलेलं, एकाला ‘रिमास्टर्ड’, एकावर नुसतंच ‘विलंबित’, आणि एखादी जोडी अशी की मिनिट-सेकंद सारखे, चित्रं मात्र वेगळी. गायक तोच, राग तोच, पुष्कळदा बंदिशही तीच. आता मित्राला ‘तो यमन ऐक’ असं सांगायचं झालं, तर ‘तो’ म्हणजे कोणता? चित्रपटगीताला ही अडचण नसते. मुखडा सांगितला की काम भागतं. शास्त्रीय संगीतात नाव सांगून ओळख पटत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला ही अडचण अगदी सुरुवातीपासून आहे आणि त्याचा तोडगाही जुनाच आहे: प्रत्येक मुद्रणाला नंबर द्यायचा. पण नंबर एकाच जातीचे नसतात. रचनेचा नंबर वेगळा, मुद्रणाचा वेगळा आणि दुकानात विकायला ठेवलेल्या मालाचा वेगळा. या तिघांची गल्लत केली की सगळा गोंधळ सुरू होतो, आणि ती गल्लत भलेभले करतात. म्हणून आधी पाश्चात्त्य संगीतातलं एक उदाहरण घेऊ. तिथे हे तीन थर स्वच्छ वेगळे दिसतात.

बेथोव्हनची पाचवी सिंफनी. रचना म्हणून तिचा क्रमांक ‘ओपस ६७’. कोणीही, कधीही, कुठेही वाजवली तरी हा क्रमांक बदलत नाही. मोझार्टने आपल्या रचनांना असे क्रमांक नीट दिलेच नव्हते. ते काम लुडविग फॉन कोशेल या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८६२ साली सूची छापून केलं. बाखच्या रचनांची सूची तर वोल्फगांग श्मीडरने १९५० साली काढली. तिच्यातले क्रमांक ‘बीडब्ल्यूव्ही’ या अक्षरांनी सुरू होतात. हे क्रमांक केवळ हौस म्हणून आलेले नाहीत. मोझार्टच्या ‘जी मायनर’ या स्वरपट्टीत दोन सिंफनी आहेत. नुसतं ‘जी मायनर सिंफनी’ म्हटलं तर कोणती, ते कळत नाही, कोशेलच्या सूचीतला के. १८३ किंवा के. ५५० म्हटलं की प्रश्न मिटतो.

दुसरा थर मुद्रणाचा. कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून ही पाचवी १९७४ साली डॉइचे ग्रामोफोन कंपनीसाठी वाजवून घेतली. रचना ओपस ६७च, पण हे मुद्रण दुसऱ्या कोणत्याही मुद्रणापेक्षा वेगळं. याची ओळख वेगळी हवी.

तिसरा थर मालाचा. हेच मुद्रण आधी एलपीवर आलं, तिचा क्रमांक २५३० ५१६. पुढे सातव्या सिंफनीसोबत एका सीडीवर आलं, तिचा क्रमांक ४४७ ४००-२. शेवटचा ‘-२’ सुद्धा उगाच नाही: त्या कंपनीच्या पद्धतीत १ म्हणजे एलपी, २ म्हणजे सीडी, ४ म्हणजे कॅसेट. संगीत तेच, पण डबा बदलला की हा क्रमांक बदलतो. गाडी दुसऱ्या राज्यात नेली की पाटीवरचा नंबर बदलतो, चेसिसवर ठोकलेला नंबर तोच राहतो, तसा हा प्रकार. कॅटलॉग क्रमांक म्हणजे पाटी. आपल्याला हवा आहे चेसिसचा नंबर.

तो म्हणजे आयएसआरसी, इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड. ‘आयएसओ ३९०१’ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली १९८६ साली तो पहिल्यांदा आखला गेला. कारभार आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेकडे, आणि तिच्या वतीने देशोदेशीच्या संस्था तो वाटतात. कोड बारा अक्षर-अंकांचा असतो. नमुन्याला हा घ्या: एए-६क्यू७-२०-०००४७. ‘एए’ ही जोडी कोणत्याही देशाला दिलेली नाही, त्यामुळे नमुन्याला बरी.

पहिली दोन अक्षरं मुळात देशाची होती. भारताची ‘आयएन’. पुढची तीन नोंदणीदाराची, म्हणजे ज्याने कोड बहाल केला त्या कंपनीची किंवा कलाकाराची. त्यापुढचे दोन अंक सालाचे आणि शेवटचे पाच हा त्या सालातला अनुक्रम. पाच अंक म्हणजे एका नोंदणीदाराला वर्षाला एक लाख मुद्रणांची सोय. मधल्या तीन जागांवर अक्षर किंवा अंक काहीही चालतं, म्हणजे ३६ गुणिले ३६ गुणिले ३६, एकूण ४६,६५६ नोंदणीदार. हा आकडा १९८६ साली भरपूर वाटला असणार, कारण तेव्हा रेकॉर्ड काढायची तर कंपनी लागायची. आज घरच्या घरी मुद्रण करून कोणीही जगभर वाटू शकतो. अमेरिकेची ‘यूएस’ ही जोडी पुरेना, तेव्हा ‘क्यूएम’ आणि ‘क्यूझेड’ अशा आणखी जोड्या उघडाव्या लागल्या. २०१९च्या सुधारित मानकाने तर पहिल्या दोन अक्षरांचा देशाशी असलेला संबंध औपचारिकपणेच सोडवला. पुण्यातल्या एखाद्या तरुण गायिकेने अमेरिकी वितरकामार्फत आपला मारवा चढवला, तर त्याच्या कपाळी ‘क्यूझेड’ लागू शकतं. तेवढ्यावरून तो मारवा अमेरिकेत गायला गेला असं समजायचं कारण नाही.

सालाच्या दोन अंकांबद्दल तर सावधच राहावं. ते साल मुद्रणाचं नसतं. कोड ज्या वर्षी दिला ते वर्ष तिथे असतं. समजा, १९३५च्या सुमारास मुद्रित झालेली अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी ठुमरी आहे. तेव्हा हा कोडच नव्हता. कंपनीने २००५ साली ती डिजिटल करून कोड दिला, तर त्यात ‘०५’ येणार. खाँसाहेब १९३७ साली गेले. कोडमधलं साल वाचून तारखा लिहिणारे लोक आहेत, म्हणून हे सांगून ठेवलं.

नवा कोड कधी द्यायचा आणि कधी नाही, याचे नियम साधे आहेत. मालकी बदलली तरी कोड बदलत नाही. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं नाव २००० साली सारेगामा झालं. अशा पाटीबदलाने मुद्रणाच्या कोडला धक्का लागत नाही. सीडीवरून डाउनलोडवर, डाउनलोडवरून स्ट्रीमिंगवर गेलं, ‘सर्वोत्तम’ छापाच्या संग्रहात घातलं, तरी कोड तोच. कापून छोटं केलं, नव्याने मिक्स केलं, जुन्या तबकडीची खरखर काढून खरोखरीची डागडुजी केली, तर मात्र नवा कोड. स्टिरिओचा वेगळा, सराउंडचा वेगळा. एकदा दिलेला कोड दुसऱ्या कशालाही पुन्हा द्यायचा नाही, मूळ मुद्रण बाजारातून गेलं तरीही. व्यवहारात हे नियम सर्रास मोडतात. जुना कोड शोधण्यापेक्षा नवा देणं सोपं, म्हणून पुनःप्रकाशन करताना त्याच मुद्रणाला दुसरा कोड चिकटवला जातो. सुरुवातीला सांगितलेले ते दोन सारखेच यमन बहुधा असेच जन्माला येतात.

आता हा कोड असतो कुठे, ते जरा जवळून पाहू. सीडीवर तो छापलेला नसतो, तिच्या आत लिहिलेला असतो. सीडीवर आवाजासोबत आठ बारीक उपवाहिन्या धावतात, त्यांना ‘पी’पासून ‘डब्ल्यू’पर्यंत नावं आहेत. त्यातल्या ‘क्यू’ वाहिनीत दर सेकंदाला ७५ छोटे तुकडे जातात. प्रत्येक तुकड्यात ९६ बिट. बहुतेक तुकड्यांत फक्त वेळ असते: कोणता ट्रॅक चालू, किती मिनिटं, किती सेकंद झाले. प्लेअरच्या खिडकीत दिसणारे आकडे तिथून येतात. पण निदान दर शंभर तुकड्यांत एकदा वेळेच्या जागी आयएसआरसी पाठवायचा, असा प्रमाणग्रंथाचा दंडक आहे. म्हणजे तुम्ही सीडीवर आमिर खाँसाहेबांचा मारवा ऐकत असता, तेव्हा त्यात कोड भरलेला असेल तर साधारण सव्वा सेकंदाला एकदा तो मुकाट्याने समोरून जातो. बाराही जागा ६० बिटांत बसवल्या आहेत: पहिल्या पाच जागांना प्रत्येकी सहा बिट, कारण तिथे अक्षर येऊ शकतं, मग दोन बिट रिकामे, मग सात अंकांना प्रत्येकी चार. तीस, दोन आणि अठ्ठावीस. मागोमाग सोळा बिटांची पडताळणी, म्हणजे वाचताना ओरखड्यामुळे चूक झाली तर प्लेअरला कळतं.

ओरखड्याची चूक कळते, माणसाची कळत नाही. आयएसआरसीत पडताळणीचा अंकच नाही, आणि माझ्या मते ही त्याच्या आखणीतली सगळ्यात मोठी उणीव आहे. त्याच सीडीच्या मागे छापलेल्या बारकोडशी तुलना करा. भारतात नोंदलेले बारकोड ८९० ने सुरू होतात. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक धरा. एकाआड एक अंकांना १ आणि ३ ने गुणत जा. १ ने गुणायच्या अंकांची बेरीज २८. ३ ने गुणायच्या अंकांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला शून्य कमी, म्हणून तेरावा अंक ०. टंकताना ७ चा १ झाला तर बेरीज ११२ वर येते आणि दुकानातलं यंत्र तिथल्या तिथे नकार देतं. आयएसआरसी टंकताना शून्याचा ‘ओ’ झाला किंवा एकाचा ‘आय’, तरी कोणतंही यंत्र केवळ हिशेब करून ‘हे चुकलं’ म्हणत नाही. चुकीचा कोड चुकीच्याच माणसाच्या खात्यात रॉयल्टी नेऊ शकतो. बारकोड मात्र तिसऱ्या थरातला आहे, मालाचा. त्याच्यावरून आतलं एकेक मुद्रण कधीच कळत नाही.

संगणकातल्या फायलींत कोडसाठी ठरलेल्या जागा आहेत. एमपी३च्या माहितीत त्या जागेचं नाव ‘टीएसआरसी’. ती भरलेली असतेच असं नाही. सीडीवरून गाणी संगणकात उतरवणारे कितीतरी प्रोग्रॅम ‘क्यू’ वाहिनीतला कोड उचलतच नाहीत.

मग संगणकाला सीडीवरच्या गाण्यांची नावं कळतात तरी कशी? मूळ सीडीवर नावं नसतात. १९९०च्या दशकात यावर सीडीडीबी ही युक्ती निघाली. पुढे तिची ग्रेसनोट कंपनी झाली. प्रत्येक ट्रॅक कितव्या सेकंदाला सुरू होतो, एकूण लांबी किती, ट्रॅक किती, यावरून एक छोटा आकडा काढायचा आणि तो आकडा मोठ्या यादीत शोधायचा. सीडीवरच्या लांब्या हीच तिची ओळख. ही युक्ती कच्ची आहे, दोन वेगळ्या सीडींचा आकडा एकच येऊ शकतो. पण या कच्च्या युक्तीनेच पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली एक गाजलेली लबाडी उघडी पाडली.

जॉइस हॅटो ही इंग्लिश पियानोवादक २००६ साली वारली. ती अनेक वर्षं मंचावर आली नव्हती, पण तिच्या नवऱ्याच्या छोट्या कंपनीतून तिच्या नावाच्या शंभराहून अधिक सीडी निघाल्या. अवघड म्हणून ख्यात असलेलं जवळजवळ सगळं पियानोसाहित्य त्यांत होतं आणि जाणकार समीक्षकांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. एका श्रोत्याने तिची लिस्ट या संगीतकाराच्या बारा ‘ट्रान्सेन्डेंटल’ अभ्यासरचनांची सीडी संगणकात घातली. आयट्यून्सने वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमॉन. त्याने ही गोष्ट ‘ग्रामोफोन’ मासिकाच्या समीक्षकाला कळवली. तज्ज्ञाकडून आवाजाचे आलेख काढून घेतले, तेव्हा त्या सीडीतली बहुतेक मुद्रणं सिमॉनच्या बीआयएस कंपनीच्या सीडीशी तंतोतंत जुळली. फेब्रुवारी २००७ मध्ये हे छापून आलं आणि मग एकामागून एक सीडी उघड्या पडत गेल्या. काही मुद्रणं ओळखू येऊ नयेत म्हणून ताणली किंवा दाबली होती. एका संचाचा वेग सुमारे १५ टक्के बदलला होता. लंडन विद्यापीठाच्या परिघातले संशोधक त्याच सुमारास शोपँच्या माझुर्का या नृत्यरचनांची मुद्रणं एकमेकांशी ताडून पाहत होते. त्यांनाही हॅटो आणि युजीन इंजिक यांचं वादन एकच असल्याचं वेगळ्या वाटेने दिसलं होतं. शेवटी नवऱ्याने बीआयएसच्या मालकाला पत्र लिहून कबुली दिली.

यातून दिसतं ते असं, की कोड बाहेरून लावलेला असतो आणि तो कोणीही कशालाही लावू शकतो. आवाज बदलणं त्यापेक्षा कठीण. आजची ओळखयंत्रणा म्हणून थेट आवाजावरच चालते. शॅझम २००२ साली ब्रिटनमध्ये फोनवर सुरू झालं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: आवाजाचा आलेख काढायचा, त्यातली ठळक शिखरं निवडायची, दोन-दोन शिखरांमधलं अंतर नोंदायचं आणि अशा जोड्यांचा साठा करून ठेवायचा. ऐकू आलेल्या तुकड्यातल्या जोड्या साठ्यातल्या कोणत्या मुद्रणाशी एकाच क्रमाने जुळतात ते पाहायचं. मग त्या मुद्रणाचा आयएसआरसी उचलून पैसे कोणाला द्यायचे ते ठरतं.

ही यंत्रणा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात अधूनमधून तोंडघशी पडते. २०१८ साली पियानोवादक जेम्स ऱ्होड्स याने घरी बसून वाजवलेला बाख फेसबुकवर टाकला आणि त्यातले ४७ सेकंद सोनी म्युझिकच्या मालकीचे आहेत अशी आपोआप हरकत आली. बाख १७५० साली वारलेला. दोन वादक एकच छापील स्वरलिपी जवळपास सारख्या गतीने वाजवणार, तर आलेख सारखे दिसणारच. पहिल्या थरातलं साम्य यंत्राने दुसऱ्या थरातलं समजून घेतलं. आपल्याकडे हा धोका कमी, कारण बिहाग दोनदा सारखा गायला जात नाही. जुळलं तर ते मुद्रण तेच, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

आयएसआरसीच्या आधी, तबकड्यांच्या काळात, चेसिसचा नंबर होता तो मॅट्रिक्स नंबर. ७८ वेगाच्या तबकडीवर दोन आकडे सापडतात. लेबलवर ठळक छापलेला तो कॅटलॉगचा, दुकानदारासाठी. दुसरा लेबलच्या कडेला किंवा खाच संपते तिथल्या गुळगुळीत पट्टीवर बारीक कोरलेला किंवा ठसा मारलेला. हा मूळ मेणाच्या तबकडीचा क्रमांक, जी कलाकारासमोर फिरत होती तिचा. कॅटलॉग नंबर दोन्ही बाजूंना मिळून एक, मॅट्रिक्स नंबर प्रत्येक बाजूला स्वतंत्र. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या पद्धतीत आकड्यामागच्या अक्षरावरून मुद्रण करणारा तंत्रज्ञ कोण आणि तबकडी केवढी, हेसुद्धा कळायचं. तीच चीज दोनदा-तीनदा मुद्रित केली असेल तर कितवा प्रयत्न, त्याचीही खूण असे. तीच बाजू पुढे स्वस्त लेबलवर नव्या कॅटलॉग नंबराने निघाली तरी पट्टीवरचा नंबर बोलतोच. म्हणून जुने संग्राहक रेकॉर्ड हातात घेतली की आधी ती उजेडाकडे तिरकी धरतात. लेबल नंतर वाचतात.

त्याही आधीची एक सोय तर कानांनी ऐकू येते. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात मुद्रणं करत होता. गौहरजान गाणं संपवून शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याचं एक कारण असं सांगतात, की मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे, ना गाणारी कोण ते. नाव ऐकलं की त्याप्रमाणे लेबल लावायचं. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघेपर्यंत आपल्याकडच्या तबकड्या बाहेरूनच छापून यायच्या.

आणि बंदिशीतली मुद्रा? सदारंग, प्रेमपिया, गुनीदास, रामरंग ही नावं अंतऱ्यात गुंफलेली असतात, तीही ओळखखूणच. फैयाज खाँसाहेबांचं ‘प्रेमपिया’, जगन्नाथबुवा पुरोहितांचं ‘गुनीदास’. पण ती पहिल्या थरातली, रचनेची. बंदिश शंभर जणांनी गायली तरी मुद्रा तीच.

इथेच आपल्या संगीताची खरी गाठ आहे. रचनांसाठीही आंतरराष्ट्रीय कोड आहे, आयएसडब्ल्यूसी. त्याचा पहिला क्रमांक १९९५ साली ॲबा या पॉप गटाच्या ‘डान्सिंग क्वीन’ला मिळाला. त्याला पडताळणीचा अंकसुद्धा आहे. पण तो कोड गृहीत धरतो की रचना आधी पूर्ण झालेली असते आणि नंतर ती वाजवली जाते. चाळीस मिनिटांच्या दरबारीत आधीपासून ठरलेलं काय असतं? स्थायी-अंतऱ्याच्या चार ओळी. बाकी अडतीस मिनिटं तिथल्या तिथे घडतात. बंदिशच नसलेल्या आलाप-जोडाचं काय करायचं? रचनाकाराच्या रकान्यात कंपन्या ‘पारंपरिक’ लिहून मोकळ्या होतात, क्वचित गायकाचंच नाव टाकतात. कोशेलसारखी सूची आपल्याकडे नाही, आणि असती तरी ती बंदिशींची झाली असती, गाण्याची नव्हे. पाश्चात्त्यांकडे मुद्रणाचा नंबर हरवला तरी ओपस ६७ शिल्लक राहतं. आपल्याकडे मुद्रण हीच रचना, त्यामुळे मुद्रणाचा नंबर हाच एकमेव धागा. तो तुटला की हातात उरतं ते ‘राग दरबारी, गायन’.

एखादं नेमकं मुद्रण शोधणं किती अवघड जातं, त्याला केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती, पण अमेरिकेत ती रेकॉर्ड मिळवताना निवड करणाऱ्यांची बरीच धावपळ झाली. अखेर ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. आयएसआरसी तेव्हा नव्हता.

स्ट्रीमिंगने आणखी एक पेच आणला आहे. कोड ट्रॅकला मिळतो, आणि ट्रॅक कुठे तोडायचा हे कंपनी ठरवते. सिंफनीच्या चार भागांना चार कोड, हे संकेताने ठरलेलं. ऑपेराचे तर डझनावारी तुकडे. आपल्याकडे विलंबित आणि द्रुत वेगळे करायचे की सलग ठेवायचे, याला एक रीत नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ ऐकल्याची नोंद होते. पन्नास मिनिटांच्या ख्यालाचीही एकच नोंद आणि तीन मिनिटांच्या गाण्याचीही एकच. म्हणून सलग ख्यालाचे चार-पाच तुकडे करून चार-पाच कोड घेण्याचा मोह होतो. समेवर न तोडता मध्येच कात्री लावलेला बडा ख्याल ऐकवत नाही. कलाकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न मला कळतो, पण मग निदान विलंबित-द्रुताच्या सांध्यावर तोडावं.

जुन्या तबकड्यांचं आणखी वेगळं. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यानंतर ती तबकडी कोणीही स्वच्छ करून काढू शकतो आणि प्रत्येक जण आपल्या प्रतीला आपला आयएसआरसी देतो. कायद्याला धरूनच आहे ते. प्रत्येकाची डागडुजी वेगळी. पण परिणाम असा, की १९३०च्या दशकातल्या एकाच तीन मिनिटांना आज अनेक कोड असू शकतात आणि ते सगळे एकच गाणं आहेत हे कोणताही कोड सांगत नाही. ते सांगतो फक्त पट्टीवरचा मॅट्रिक्स नंबर. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी आणि मायकेल किनिअर यांच्यासारख्या सूचीकारांनी हे नंबर उतरवून घेण्यात वर्षं घालवली, ती हौसेखातर नव्हेत.

तेव्हा घरात आजोबांच्या तबकड्या असतील आणि त्या डिजिटल करायच्या ठरवल्या असतील, तर फायलीच्या नावात रागाआधी दोन्ही नंबर लिहा, लेबलवरचा आणि पट्टीवरचाही. स्वतःचं गाणं प्रकाशित करणाऱ्या कलाकारांनी आयएसआरसी घेतला की तो कुठे, कोणत्या मैफलीच्या कोणत्या भागाला दिला, त्याची वही ठेवावी. पुढच्या वेळी वितरक बदलला तर नवा कोड न घेता जुनाच द्यावा. राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, रचनाकार, तबला-पेटी-तंबोऱ्यावर कोण, गाव आणि तारीख एवढं तरी त्यासोबत भरावं. आणि सीडी रद्दीत काढणार असाल, तर आतली छोटी पुस्तिका तेवढी काढून ठेवा. साथीदारांची नावं पुष्कळदा फक्त तिथेच छापलेली असतात.